बाळाच्या हातची चिठ्ठी

“बाळाच्या हातून चिठ्ठी काढू, म्हणजे आम्हा नवराबायकोचं भांडण नको,” म्हणत मोठ्या जाऊबाईंनी केतकीपुढे कागद ठेवला. “लिही, बाली आणि स्वित्झर्लंड. पहिल्यांदाच देशाबाहेर जातोय, तुझ्या लेकालाच ठरवू दे.”

केतकीच्या मांडीवर बाळ, खांद्यावर त्याने ओकलेलं दूध. यांना काय, मूल ना बाळ, बॅग उचलली की निघाल्या! बर्फाचे डोंगर तर तिने लग्नाआधीपासून मनात जपलेले. ते आधी यांनी बघायचे? तिने दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘बाली’ लिहिलं.

बाळाने एक चिठ्ठी उचलली. “बाली!” जाऊबाई हसल्या. तेवढ्यात दुसरी चिठ्ठी बाळाच्या तोंडात गेली. जाऊबाईंनी बोट घालून ती अलगद काढली, उघडली आणि बघतच राहिल्या. केतकीने मान खाली घातली.

“हेवा मीही करते गं तुझा,” त्या हळूच म्हणाल्या, “फक्त लिहून दाखवत नाही. बरं, बर्फ तुझा. पण जाशील तेव्हा याला माझ्याकडे ठेवून जायचं.”

बाळाने घट्ट धरलेलं बोट त्यांनी सोडवून घेतलं नाही.