हसायचा शॉट

“सर, अधिरनची गाडी वडपळनीला पोचली. दहा मिनिटं फक्त,” इनियनने दिग्दर्शकाला सांगितलं.

इनियन सहायक दिग्दर्शक. हिरोची ही दहा मिनिटं तो अकरा वाजल्यापासून सांगत होता. आता पावणेदोन झाले होते.

एकांबरमने मऊ कापडाने वल्लीअम्माचं कपाळ टिपलं. बत्तीस वर्षं तिचा मेकअप त्याच्याकडेच होता. आज ती सालिग्रामममधल्या स्वतःच्या घरात, बैठकीतल्या खाटेवर निजली होती. गळ्यात गुलाबांचे हार, कपाळाला विभूती, तिच्यावर प्रेताला लावतात तसं चिकटवलेलं नाणं. खाटेखाली बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या. अग्निनक्षत्राचे, ऐन उन्हाळ्याच्या काहिलीचे दिवस, त्यात डोक्यावर चार मोठे दिवे.

या चित्रपटातलं तिचं बाकी सगळं काम झालं होतं. हिरोच्या आईच्या मरणाचा हा एकच प्रसंग उरला होता, आणि तो तीनदा घ्यायचा होता. आधी तमिळ, मग तेलुगू, मग हिंदी. निर्माते तंगदुरै यांनी सेटसुद्धा बांधला नव्हता. “अम्माचंच घर आहे की! याहून खरं काय मिळणार?” असं म्हणत त्यांनी सकाळीच तिच्या मुलाची, पुगळची, कागदावर सही घेतली होती. एकांबरमला तेव्हाच शिसारी आली होती.

वल्लीअम्मा पडद्यावर तेवीस वेळा मेली होती. प्रेताचा शॉट झाला की नटाने डोळे उघडायचे, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, आणि तेवढा तुकडाही घ्यायचा. म्हणजे अपशकुन फिटतो. कोडंबक्कमच्या स्टुडिओंत हे कुणी चुकवत नाही. वल्लीअम्मा तर अशी खदखदून हसायची की दिवेवालेही हसत सुटायचे. मग एकांबरम हात देऊन तिला उठवायचा आणि कॉफीचा पेला पुढे करायचा. तिला फक्त एका गोष्टीचा तिटकारा होता, हिरोची वाट बघत पडून राहण्याचा. गेल्याच आठवड्यात तिने एकांबरमचा हात धरला होता.

“या वेळी मला ताटकळत ठेवू देऊ नकोस हं.”

त्याने शब्द दिला होता.

“चारला अम्मा इथून निघणार,” एकांबरम दिग्दर्शक सर्गुणमला म्हणाला. “गाडी दारात उभी आहे. चारच्या पुढे एक मिनिटही नाही.”

“मला काय हौस आहे का, अण्णा? तो बाबा येऊ दे तर!”

तो बाबा आला सव्वादोनला. आधी गाडीतच बसून त्याने बिर्याणी संपवली. मग ढेकर देत आत आला, खाटेपाशी थबकला आणि नाकाला रुमाल लावला.

“हार सकाळचे आहेत का? वास मारतायत. अत्तर मारा जरा.”

इनियनने अर्धी बाटली ओतली.

“आणि माझ्या हातात कोयता पाहिजे,” अधिरन म्हणाला. “आई मेल्यावर मी तीस माणसं कापणार आहे. लोकांना आत्तापासून कळायला नको?”

“तमिळ, तेलुगूत कोयता घ्या. हिंदीत बंदूक.” सर्गुणमने सगळं ठरवून ठेवलं होतं.

फाटकाशी आलेल्या ढोलवाल्यांना आवाज नको म्हणून गप्प बसवलं होतं. त्यांच्याजवळ पुगळ अनवाणी उभा होता. भिंतीकडेला बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. तमिळचा शॉट संपला तरी त्यातली एक म्हातारी थांबेना.

“ओ मावशी, कट झाला! पुढच्यासाठी ठेवा थोडं,” इनियन खेकसला.

म्हातारी रडतच राहिली.

“पण रडतायत झकास हं,” तंगदुरै म्हणाले. “एकीलाही शिकवावं लागलं नाही.”

तेलुगूसाठी विभूती पुसून चंदन लावायचं होतं. एकांबरमने ते केलं. वल्लीअम्माच्या कानाशी वाकून तो पुटपुटला, “थोडंच राहिलं, अम्मा.” अधिरन चारदा वाक्य विसरला. पाचव्या वेळी त्याने खाटेवर गुडघा टेकला, तशी ती करकरली, आणि डोळ्यांतलं ग्लिसरीन वल्लीअम्माच्या गालावर ठिबकलं. एकांबरमने ते पुसलं. माणसं इतकी निर्लज्ज कशी होतात, हे त्याला एवढी वर्षं या धंद्यात काढूनही कळलं नव्हतं.

साडेतीन वाजून गेले. हिंदीसाठी तोंडात तुळशीचं पान हवं होतं. ओठ घट्ट मिटलेले होते. एकांबरमने जोर केला नाही. पान ओठांवरच ठेवलं.

अधिरनला हिंदीचा गंध नव्हता. आवाज नंतर दुसऱ्याचा घालणार होते, त्यामुळे ओठ हलले की पुरे. त्याने वल्लीअम्माच्या छातीवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला.

“एक! दोन, तीन, चार!” बंदूक छताकडे रोखून तो ओरडला, “पाच! सहा! सात!”

तंगदुरैंनी डोळे टिपले. एकांबरमने घड्याळ बघितलं. चारला तीन मिनिटं कमी होती.

“कट! तिन्ही भाषा ओके!”

टाळ्या वाजल्या. सुटलो एकदाचे, अशा आनंदात इनियन रोजच्या सवयीने ओरडला, “कॅमेरा चालू ठेवा! अम्मा, उघडा डोळे! हसा!”

एकांबरमचाही हात सवयीने पुढे झाला.

टाळ्या थांबल्या. कॅमेरा चालूच होता. फाटकाशी पुगळने विस्तवाचं मडकं उचललं, आणि त्याच्या आईला न्यायला चौघे जण आत आले.