निरीक्षक: दोन

"आजी, तुमच्याकडे झाडं तोडली का?" पक्षीगणनेच्या कार्यालयातली मुलगी फोनवर विचारत होती.

"नाही गं."

"मग औषधफवारणी वगैरे? गेल्या चौदा महिन्यांत तुमचे पक्षी निम्म्यावर आलेत. आजूबाजूच्या लोकांचे मात्र आहेत तेवढेच आहेत. कारण कळलं नाही, तर तुमच्या सगळ्याच नोंदी बाजूला काढाव्या लागतील. अगदी पहिल्यापासूनच्या."

म्हणजे बारा वर्षांच्या. दर रविवारी सकाळी सात ते सव्वासात, गॅलरीत दोन खुर्च्या, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. एरवी आजोबांना गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. दिसलेले पक्षी आजी मोजायच्या, न दिसलेले आजोबा. पानांआड कोणी नुसतं चिवचिवलं, तरी ते डोळे मिटूनच बोट वर करायचे आणि आजी कागदावर एक रेघ ओढायच्या. आजींचा डावा कान केव्हाच गेला होता आणि उजवा मर्जीचा मालक होता. "तुझे डोळे, माझे कान," आजोबा म्हणायचे. "दोघांचं मिळून एक धड माणूस होतं."

"तुम्ही दोघंही बसता ना?" मुलीने विचारलं. "फॉर्मवर दर वेळी निरीक्षक दोन असंच आहे."

आजींनी दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. तिची गादी त्या अजूनही दर शनिवारी झटकत. नातेवाईक, शेजारी, बँक, सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं, तेही न रडता. या एका रकान्याला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. राहून कसलं गेलं, त्यांनीच ठेवलं होतं.

"पक्षी तेवढेच आहेत, बाळ," त्या म्हणाल्या. "ऐकणारं माणूस गेलं."

मुलगी हळूच म्हणाली, "मग तुमच्या नोंदी बरोबरच आहेत, आजी. फक्त तेवढ्या महिन्यांचे निरीक्षक एक करावे लागतील. मी करू का इथून?"

"नको. माझं मी करते."

चौदा महिन्यांचे रविवार एकसष्ट निघाले. आजींनी दुपारी चष्मा पुसला, मोबाइलवर एकेक फॉर्म उघडला आणि दोनच्या जागी एक लिहिलं. दर वेळी फॉर्म विचारायचा, हा बदल कायम करायचा का?

आजींनी एकसष्ट वेळा 'हो' दाबलं.