म्हाळूचा जामीन

शिपायानं कोठडीचं दार उघडून म्हाळूला बाहेर सोडलं, तरी कडूबाई जागची हलली नाही. गेवराईच्या कचेरीपुढं ती सकाळपासून बसून होती, आणि इथं कुणाला उगाच सोडत नाहीत एवढं तिला कळत होतं.

"घेऊन जा," शिपाई म्हणाला. "जामीन मिळाला तुझ्या नवऱ्याला."

"जामीन म्हंजी?"

"म्हंजी हा आता जामीनदाराच्या हवाली. पेशीला हजर झाला तर ठीक. पळाला, तर जामीनदाराला साहेबापुढं उभं करायचं."

"आन् जामीनदार कोण?"

शिपायानं हनुवटीनं लिंबाखालची दमणी दाखवली. आत तलवाड्याची केसरबाई बसली होती, बद्रीनाथ मालकांची विधवा भावजय. मालकांचा बैल गोठ्यातून गेला, तेव्हा त्यांनीच धनगराच्या म्हाळूचं नाव फौजदाराला सांगितलं होतं. आणि आता त्याच घरची बाई जामीन!

कडूबाईला यात डाव दिसला. बाहेर काढून वाटेत एखाद्या ओढ्यात संपवायचा असेल. नाहीतर जन्मभर वेठीला धरायचा असेल. म्हाळू मात्र लंगडत दमणीकडं निघाला होता, बाईच्या पाया पडायला. कडूबाईनं घोंगडं धरून त्याला मागं ओढलं आणि स्वतः पुढं झाली.

"बसा गाडीत," केसरबाई म्हणाली.

"आमी पायी येतो."

"त्याला चालवत न्हाई."

"रांगत येतील."

गाडीवान बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. जवळपास कुणी नाही हे पाहून कडूबाईनं विचारलंच, "मालकीण, बैल तुमचा गेला. नाव तुमच्या दिरानं घेतलं. मग तुमी कावून जामीन झाल्या?"

केसरबाईनं एकदा कचेरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हाळूनं बैल सोडला न्हाई. ज्यानं सोडला, त्याला मी पाहिलंय. आमच्याच घरचा हाय."

"मग आत जाऊन सांगा की. साहेब बसलेत अजून."

"सांगितलं तर मी गवाह होते. गवाहाला तोंड उघडावं लागतं, बाई. मला त्याच घरात ऱ्हायचंय. जामिनाला नुसतं नाव दिलं की भागतं."

"तुमचं भागतं. पेशीला सजा तर ह्यांनाच व्हणार."

 केसरबाईकडं पाहताना कडूबाईच्या डोक्यात शिपायाचे शब्द हळूहळू उलगडत गेले. ती दमणीच्या चाकाशी सरकली.

"मग ऐका, मालकीण. ह्यांना मी घरी नेत न्हाई. हे निजामाची मोगलाई सोडून जातील, नगरच्या बाजूला, इंग्रजी हद्दीत. पेशीच्या दिवशी शिपाई तुमच्या दारात येतील. तवा साहेबापुढं तोंड उघडा, न्हाईतर ह्यांच्या जागी तुमी बसा."

आता बाई शिपायाला हाक मारणार, म्हणून कडूबाईनं म्हाळूचा हात घट्ट धरला.

केसरबाई दचकलीसुद्धा नाही. तिनं मांडीशेजारचं गाठोडं उचलून म्हाळूपुढं केलं. कडूबाईनं मध्येच घेऊन त्याची गाठ सोडली. आत ज्वारीच्या भाकरींची उंच चळत होती. गेवराईहून तलवाड्याला पोचायला एवढ्या भाकरी लागत नाहीत.

"गाडीवान माझ्या माहेरचा हाय," केसरबाई म्हणाली. "हद्दीपर्यंत सोडील. मला शिपाई नेतील, तवा घरचं कुणी आडवणार न्हाई."