चाळीसपैकी चाळीस

"मॅडम, तो अहवाल मला परत हवाय," एका दमात बोलून ती दारातच उभी राहिली.

संचालक मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. टेबलावर तिचाच अहवाल होता, वर्षभराच्या फेलोशिपचा. शेजारी क्षयाच्या रुग्णांसाठी तिनेच तयार केलेलं चार चित्रांचं पत्रक. उद्या ते छापायला जायचं होतं. अहवाल पसंत पडला की तिला फेलोशिपचं दुसरं वर्ष मिळणार होतं. नाही तर पुन्हा जाहिरात कंपनी आणि पुन्हा साबण. आठ वर्षं तिने फेसाचं कौतुक लिहिलं होतं. त्या फेसाचा तिला अगदी वीट आला होता.

"परत? चाळीस रुग्णांना पत्रक दाखवलंस, चाळीसही जणांना समजलं. इतका स्वच्छ निकाल मी कधी पाहिला नाही."

"तीच तर गोम आहे, मॅडम."

कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. मग तिने सरळ वडिलांचंच सांगितलं. त्यांनाही क्षय, आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांचा हा तिसरा महिना. पत्रक सगळ्यात आधी तिने त्यांनाच दाखवलं होतं. "समजलं ना, बाबा?" असं विचारल्यावर "समजलं की! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" अशी त्यांची ऐट. आणि काल सकाळी कपाट आवरताना आठ दिवसांच्या गोळ्या जशाच्या तशा हाती लागल्या. बाबांनी शांतपणे चौथ्या चित्रावर बोट ठेवलं. त्यात हसरा माणूस होता, हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"हे बघ. हसायला लागलं की गोळ्या संपल्या. मला आता छान वाटतंय. तूच तर दाखवलंस!"

तिने आवरणं तसंच टाकलं. मग बाबांना घेऊन तिने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दोघांनाही झापलं, तपासलं आणि वेळेत आलात म्हणाले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तिचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. बाहेरच्या बाकावर तिच्या चाळिसातले बारा जण बसले होते. तिने एकेकाला विचारलं, "हे पत्रक घेऊन घरी गेलात, की घरच्यांना काय सांगाल?" नऊ जणांनी बाबांचंच उत्तर दिलं.

"मी सगळ्यांना नुसतं 'समजलं ना?' असं विचारत होते," ती म्हणाली. "समोर वही-पेन घेऊन बसलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार? माना डोलावून मोकळे झाले बिचारे. चूक माझी आहे. छपाई थांबवा. दुसरं वर्ष नाही मिळालं तरी चालेल."

शेवटचं वाक्य साफ खोटं होतं. पण सगळं सांगून टाकल्यावर तिला हलकं वाटलं, कालपासून पहिल्यांदाच.

मॅडमनी फोन उचलला आणि दोन वाक्यांत छपाई थांबवली. मग पत्रक उचलून त्यांनी तो हसरा माणूस नीट पाहिला.

"पत्रक कसं तपासायचं, ते पहिल्या दिवशी मी तुला तासभर सांगितलं होतं. आठवतं?"

तिला चांगलंच आठवत होतं. मोठमोठे शब्द, फळ्यावरच्या आकृत्या, आणि शेवटी मॅडमचा प्रश्न: "समजलं?" साबणवाल्या मुलीचं पितळ उघडं पडू नये म्हणून तिने जोरात मान डोलावली होती.

"आठवतं," ती पुटपुटली. "पण खरं सांगायचं तर, मॅडम, अर्धं डोक्यावरून गेलं होतं."

मॅडम हसल्या. त्या ऑफिसात हा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. त्यांनी खणातून दुसऱ्या वर्षाचं पत्र काढलं, सही केली आणि तिच्यासमोर सरकवलं.

"म्हणजे वर्षभर मीही डोलणाऱ्या मानाच मोजत होते. बस. सगळं पहिल्यापासून सांगते. आणि झालं की घरी जाऊन बाबांना काय सांगशील, ते मला सांग."