तुटलेलं टोक

कोरक्याने फांदी टेबलावर पालथी केली आणि तो नुसता बघत उभा राहिला.

तुटलेल्या टोकाचा अर्धा भाग फाटलेला होता, लाकडाचे रेशे वर आलेले, असायला हवा तसाच. उरलेला अर्धा सपाट होता. त्यावर बारीक रेघा होत्या. करवतीच्या रेघा ओळखायला त्याला चष्मा लागत नव्हता.

गल्लीतली पोरं त्याला कोरक्या म्हणायची, आता मोठेही म्हणू लागले होते. पडलेल्या फांद्या आणायच्या, चार दिवस उलटसुलट करून बघायच्या आणि लाकूड जिकडे वळेल तिकडे पटाशी वळवायची, हा त्याचा उद्योग. घोडा करू, पक्षी करू, असं आधी काही ठरलेलं नसे. "हे आहे तरी काय?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणायचा, "झालं की मलाही कळेल." नियम एकच: तुटलेल्या टोकाला हत्यार लावायचं नाही. ते झाडाचं काम, आपलं नाही. हाताला टोचतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. हा ढिम्म.

ही फांदी धाकट्या बहिणीच्या परसातली. गेल्या आठवड्यात ती मेहुण्याच्या अंगावर पडली, त्याचा खांदा आणि बरगड्या मोडल्या. वारा होता, झाड जुनं होतं. लोकांनी हळहळून विषय संपवला. दुसऱ्याच दिवशी बहिणीने स्वतः टेम्पो करून फांदी भावाकडे आणून टाकली. "तुझ्याकडेच राहू दे," एवढंच म्हणाली.

तेव्हा त्याला ते जरा विचित्र वाटलं होतं. आता त्याला त्याचं कारण कळल्यासारखं वाटलं.

मेहुणा काय चीज आहे हे त्याला ठाऊक होतं. बहिणीच्या दंडावरचे वळ त्याने पाहिले होते आणि "दारात हात सापडला" हे तिचं उत्तर मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. त्याची त्याला लाज वाटायची. आता बहीणच करवत घेऊन झाडावर चढली असेल, तर तिला कोणत्या तोंडाने बोल लावायचा?

फोन वाजला. बहीणच होती.

"दादा, ह्यांना उद्या दवाखान्यातून घरी सोडतायत."

"बरं."

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "दुपारी इन्स्पेक्टरसाहेब येतायत तुझ्याकडे. फांदी बघायचीय त्यांना."

"फांदीत काय बघायचंय?"

"टोक तसंच आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

"अगं, आहे म्हटलं ना."

"बरं. ठेवते. सासूबाई आल्या."

त्याने फोन ठेवला, दाराला कडी घातली आणि पटाशीला धार लावली.

त्याने सपाट भागावर पटाशी टेकवली. आयुष्यभर पाळलेला नियम मोडायचा म्हणजे काही खायचं काम नव्हतं. पण पहिली ढलपी निघाली आणि मग तो थांबला नाही. रेघा गेल्या, त्यांच्याखालचं लाकूडही गेलं. फाटलेले रेशे त्याने कानशीने घासले, वर काचकागद फिरवला. टोक गोलसर, गुळगुळीत झालं. खाली पडलेलं सगळं झाडून त्याने सरस वितळवायच्या शेगडीत घातलं आणि ते जळेपर्यंत तिथून हलला नाही.

दारावर थाप पडली, त्याने कडी काढली. इन्स्पेक्टर आत आले, मागोमाग बहीण. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"हीच का फांदी?" इन्स्पेक्टरनी टेबलाभोवती फेरी मारली, वाकून टोक पाहिलं, अंगठा फिरवला. "आणि हे तुटलेलं टोक?"

"हो. मी टोकं नेहमीच घोटून घेतो, साहेब."

आपल्याला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं याचं त्यालाच नवल वाटलं. त्याने बहिणीकडे पाहिलं. घाबरू नकोस, आता कुणी तुझ्या केसालाही धक्का लावत नाही, असं त्याला डोळ्यांनी सांगायचं होतं.

ती पांढरीफटक पडली होती. पुढे येऊन तिने टोकावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बाई, तुम्ही खूण आहे म्हणालात म्हणून आलो," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "नुसत्या तुमच्या शब्दावर मी त्यांना अडवू शकत नाही." त्यांनी टोपी घातली आणि ते गेले.

"त्यांना म्हणजे कुणाला?" त्याने विचारलं.

"फांदी अजून कशी पडली नाही, ते बघायला हे गेले होते," ती म्हणाली. "तिच्याखाली रोज दुपारी मी बसते, दादा."