काट्याच्या अलीकडे

अधिकारी कुलूप घेऊनच आले होते. भंगार केंद्रात आलेली यंत्रं एक बाई दुरुस्त करून परत पाठवते, अशी तक्रार होती. केंद्रातला कचरा चुऱ्यालाच जाईल, बाहेर जाणार नाही, हे कलम खुद्द त्यांनीच लिहिलेलं. उघड्यावर तारा जाळून तांबं काढणाऱ्यांच्या वस्तीतला धूर त्यांनी पाहिला होता; तो थांबावा म्हणूनच हे कलम. कलमाचा त्यांना अभिमानच होता.

दुरुस्तीचं टेबल फाटकाच्या आत, पण वजनकाट्याच्या अलीकडे होतं. मागे साठीच्या कारागीर बाई.

"काट्यावर चढलं की कचरा, असं कायद्यात आहे," त्यांनी खणातून कायद्याची प्रत काढली. पानं हाताळून मऊ पडली होती, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. "चढण्याआधी ती वस्तू असते, साहेब. मी वस्तूच दुरुस्त करते. पलीकडच्या एकाही स्क्रूला अकरा वर्षांत हात लावलेला नाही."

अधिकाऱ्यांनी वाकून त्या रेघा पाहिल्या. त्यांचं कलम इतकं मन लावून कोणी वाचलं नव्हतं; कचेरीतसुद्धा नाही.

तेवढ्यात एक बसचालक आईचं ऑक्सिजनचं यंत्र कसंबसं उचलून धापा टाकत आला.

"मावशी, सकाळपासून बंद आहे. कंपनी म्हणते, मॉडेल जुनं, सुटे भाग मिळत नाहीत, नवीन घ्या. घरातला सिलिंडर संध्याकाळपर्यंत पुरेल, बस."

बाईंनी चार स्क्रू काढले, बोटाने पंखा फिरवला, कान लावला.

"पंख्याची मोटर गेलीय. बाकी ठणठणीत."

मग त्या थांबल्या. काट्यापलीकडच्या पेटीत, हात लांबवला तर पोचेल इतक्यावर, अगदी तसलंच यंत्र पडलं होतं. सकाळीच वजन झालेलं. दुपारी त्याचा चुरा होणार होता.

"घ्या ना ते, मावशी!" चालक काकुळतीला आला.

बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर आवळली, पण हात पुढे गेला नाही. साहेब समोर नसते तरी गेला नसता, हे अधिकाऱ्यांना स्पष्ट दिसलं. त्यांना त्या बाईंचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःच्या कलमाची पहिल्यांदाच लाज वाटली.

ते काट्यापलीकडे गेले आणि यंत्र उचलून आणून टेबलावर ठेवलं.

"कलम नऊ. तपासणीसाठी नमुना घ्यायचा अधिकार मला आहे. उघडा हे. मोटर चालते का, ते दुसऱ्या यंत्राला लावूनच बघायचंय."

वीस मिनिटांत चालकाचं यंत्र घुरघुरायला लागलं. आभार मानायचंही विसरून तो ते घेऊन पळाला.

अधिकाऱ्यांनी पिशवीतलं कुलूप बाजूला सारून पावतीपुस्तक काढलं. नमुना: मोटर, एक. तपासणीची मुदत? क्षणभर विचार करून त्यांनी लिहिलं, 'चालेल तोवर'.

बाईंनी चष्मा चढवून पावती दोनदा वाचली. मग कायद्याची प्रत उघडून कलम नऊवर बोट टेकवलं.

"नमुने किती घ्यायचे, ते इथे लिहिलेलं नाही, साहेब."