लेव्हॉनचा सायलेन्सर आपोआप साफ होतो

लेव्हॉनने बंदुकीचा सायलेन्सर घासता घासता त्यावरचा सरकारी नोंदणीचा नंबरही घासून टाकला. आयडाहोतच काय, अख्ख्या अमेरिकेत हा गुन्हा आहे. तेव्हा तसं काही अजून झालंच नाही, असं धरून चालू. आज गुरुवार आहे.

गुरुवारी सकाळी त्याची बायको आर्डिस अल्फाल्फाच्या, म्हणजे लसूणघासाच्या, शेतातून तरातरा परत निघाली. एकवीस वर्षं दोघं दर एप्रिलला पीक खाणाऱ्या खारी मिळून मारत. आर्डिस दुर्बिणीतून खार दाखवायची, लेव्हॉन मारायचा. तिचा एकच कान शाबूत होता.

"उद्यापासून मी येणार नाही. तुझा सायलेन्सर बोंबलतोय."

"तुझ्या कानाचं वय झालं."

"वय झालं असतं तर कमी ऐकू आलं असतं, शहाण्या! साफ कधी केला होतास?"

"तो आपोआप साफ होतो. गोळीमागचा वायूच घाण बाहेर फेकतो. सैन्यातला माणूस म्हणाला होता."

"त्याची बंदूक मोठी. आपली छोटी पॉइंट टू-टू, गोळी नुसत्या शिशाची. ते शिसं आतच साचतं."

तिने सायलेन्सर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. घेतला तेव्हा साडेपाच औंस होता. आता अकरा.

"लग्नानंतर मीसुद्धा दुप्पट झाले नाही," आर्डिस म्हणाली.

लेव्हॉनला खारी एकट्याने दिसत नसत. हे त्याने कबूल केलं नाही. हातमोजे घातले, तोंडाला मास्क लावला आणि सायलेन्सर टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात आवळला. शुक्रवारी दुपारी झाकण सुटलं. आतल्या चकत्यांवर पातेल्याच्या बुडासारखी शिशाची खरवड चढली होती. संध्याकाळपर्यंत त्याने ती शेवटच्या कणापर्यंत काढली. मग हात थांबेना, म्हणून ड्रिलला तारेचा ब्रश लावून बाहेरूनही घासला.

शनिवारी आर्डिस एका अटीवर आली. एकच गोळी. मोठा आवाज आला तर कायमची घरी.

"मार की आता," दुर्बीण डोळ्याला लावत ती म्हणाली.

"मारली."

ती हसली. मग तिने सायलेन्सर हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवला. "छान चकचकीत केलास रे. नंबर कुठंय?"

दुपारी लेव्हॉनने केंद्रीय शस्त्र कार्यालयाला पत्र लिहिलं: 'सदर वस्तूवरील क्रमांक अतिस्वच्छतेमुळे नष्ट झाला आहे. तरी ओळख पटविण्यासाठी क्रमांकाऐवजी माझ्या पत्नीची साक्ष ग्राह्य धरावी. शनिवारी सकाळी नऊ वाजता तिला काहीही ऐकू आलेले नाही, आणि तसे शपथेवर सांगण्यास ती तयार आहे.'